कार्ल्याच्या लेण्यातली जोडपी चालतात, मग गॅलरीतलं चित्र का अडतं?

शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळ्याकडे वळतात. त्यातल्या काही जण आयएनएस शिवाजीच्या बाजूने पुढे कुरवंड्याला जातात. नागफणीचा सुळका बघायचा, फोटो काढायचे, रील टाकायचं आणि परतीच्या वाटेवर वेळ उरला तर कार्ल्याला एकवीरा आईचं दर्शन घ्यायचं, असा बऱ्याच जणांचा ठरलेला कार्यक्रम.

आता एकवीरेच्या देवळाला लागूनच कार्ल्याचं मोठं चैत्यगृह आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. आत जायच्या आधी व्हरांड्यात थांबून दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती बघा. तिथे दगडात कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी दिसतात. अंगावर दागिने भरपूर, कपडे अगदी मोजके आणि एकमेकांच्या खांद्यावर हात. आजी नातवाला घेऊन त्यांच्यासमोरून जाते, शाळेची सहल जाते, कोणाला काही वाटत नाही.

पण समजा अशाच एका जोडप्याचं चित्र आजच्या चित्रकाराने काढलं आणि शहरातल्या गॅलरीत लावलं, तर?

तर कधी पोलीस येतात, कधी जमाव येतो आणि कधी गॅलरीवालाच फोन करून सांगतो, "साहेब, तेवढं एक चित्र उतरवा." घाट उतरून मुंबईला गेलं काय किंवा उलटं पुण्याला गेलं काय, दोन्हीकडे असे किस्से घडलेत.

मग कायदा नेमकं काय म्हणतो? चित्र उतरवायचा अधिकार कोणाला आहे? आणि आपल्याला एखादं चित्र आवडलं नाही तर आपण काय करू शकतो? एकेक करून बघू.

आधी कायद्याचं बघू

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) नुसार प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. चित्र, शिल्प, फोटो, नाटक, व्यंगचित्र हे सगळं त्यात येतं. पण हे स्वातंत्र्य मोकाट नाही. १९(२) मध्ये त्यावर बंधनं घालण्याची कारणं दिली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, देशाची सुरक्षा वगैरे. यादी ठरलेली आहे. "मला ते बघून वाईट वाटलं" हे कारण त्या यादीत नाही.

चित्रांच्या बाबतीत दोन कलमं सगळ्यात जास्त लावली जातात. पहिलं अश्लीलतेचं. भारतीय दंड संहितेत ते कलम २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९४ झालं. पहिल्यांदा दोषी ठरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. दुसरं धार्मिक भावना दुखावण्याचं. ते आधी २९५अ होतं, आता २९९ आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण अट मोठी आहे. भावना दुखावल्या एवढं पुरत नाही, त्या जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावल्या हे सिद्ध व्हावं लागतं.

आता कार्ल्याकडे परत या. अश्लीलतेच्या कलमातच एक अपवाद लिहून ठेवला आहे. प्राचीन स्मारकांवर, देवळांवर आणि देवाच्या रथावर कोरलेल्या किंवा रंगवलेल्या आकृतींना हे कलम लागूच होत नाही. म्हणजे कार्ल्याची जोडपी कायद्यानेच सुरक्षित आहेत.

आजच्या कलाकारासाठीही अपवाद आहे, पण त्याचं तसं आपोआप होत नाही. आपली कलाकृती कलेच्या, साहित्याच्या, शास्त्राच्या किंवा ज्ञानाच्या दृष्टीने लोकहिताची आहे हे त्याला दाखवून द्यावं लागतं. दगडातल्या जोडप्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, कागदावरच्या जोडप्याला चढावी लागू शकते. फरक इथे आहे.

एकच चित्रकार, एकच शहर आणि सत्तर वर्षं

१९५४ साल. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पॅरिसहून आलेल्या अकबर पदमसी नावाच्या तरुण चित्रकाराचं तिथे प्रदर्शन लागलं. त्यातल्या 'लव्हर्स' नावाच्या चित्रांवर पोलिसांनी हरकत घेतली. चित्रात पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर होता. चित्रं काढून टाका, असं सांगण्यात आलं.

पदमसींनी नाही म्हटलं.

त्यांना अटक झाली आणि अश्लीलतेचा खटला चालला. मॅजिस्ट्रेटने त्यांना निर्दोष सोडलं. सरकार वरच्या कोर्टात गेलं, पण निकाल पदमसींच्याच बाजूने राहिला. तो तरुण पुढे देशातला नावाजलेला चित्रकार झाला आणि २०१० मध्ये त्याला पद्मभूषण मिळालं.

आता थेट २०२३ मध्ये या. मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या कंपनीने ब्रिटनमधल्या लिलावांतून सात कलाकृती घेतल्या होत्या. चार फ्रान्सिस न्यूटन सूझांच्या आणि तीन पदमसींच्या. सूझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे. १९४७ मध्ये मुंबईत ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने भारतीय चित्रकलेला नवं वळण दिलं, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. म्हणजे हा माल कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता.

मुंबईला माल उतरला आणि कस्टम्सने तो अडवला. कारण काय, तर चित्रं नग्न आहेत, म्हणजे अश्लील आहेत. आधार काय, तर अश्लील वस्तूंच्या आयातीवर बंदी घालणारी १९६४ ची अधिसूचना. जुलै २०२४ मध्ये कलाकृती जप्त करण्याचा आदेश निघाला, वर पन्नास हजारांचा दंड.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २५ ऑक्टोबर २०२४ ला न्यायमूर्ती महेश सोनक आणि न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने जप्तीचा आदेश रद्द केला आणि कलाकृती परत द्यायला सांगितल्या. कोर्टाने स्पष्ट केलं की लैंगिकता आणि अश्लीलता या एकच गोष्टी नाहीत आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही. अधिकाऱ्याने स्वतःच्या आवडीनिवडीवर निर्णय घ्यायचा नसतो, कायद्याच्या कसोट्या बघायच्या असतात, हा त्या निकालाचा गाभा.

१९५४ मध्ये पदमसी जिंकले आणि २०२४ मध्ये त्यांच्या कलाकृतीही जिंकल्या. पण स्वतः पदमसी २०२० मध्ये गेले होते. म्हणजे ज्या वादात तरुणपणी कोर्टात उभं राहावं लागलं, तोच वाद मेल्यानंतरही त्यांना सुटला नाही.

मग अश्लील म्हणजे काय, हे ठरवतं कोण?

इथे कायदा हळूहळू बदलत गेला आहे आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे.

रणजित उदेशी हे मुंबईतले पुस्तकविक्रेते. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम ठेवली. तेव्हा जी कसोटी लावली ती इंग्लंडमधली, एकोणिसाव्या शतकातली होती, हिकलिन नावाची. थोडक्यात ती अशी की, ज्यांच्या मनावर लगेच वाईट परिणाम होऊ शकतो अशा माणसांच्या हाती हे पडलं तर ती बिघडतील का? म्हणजे सगळ्यात कच्च्या मनाचा माणूस धरायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांसाठी कपडे शिवायचे.

२०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी बाजूला ठेवली. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा एक नग्न फोटो छापल्याचं ते प्रकरण होतं. फोटोचा उद्देश वर्णद्वेषाला विरोध करण्याचा होता. कोर्टाने सांगितलं की आजच्या समाजाचे मापदंड लावा, कलाकृती पूर्ण बघा, संदर्भ बघा. तुकडा काढून त्यावर निकाल देऊ नका.

पण सगळे निकाल कलाकारांच्याच बाजूने गेलेत असंही नाही. कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या मराठी कवितेचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की महात्मा गांधींसारख्या आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना काव्यात्मक स्वातंत्र्य पुरेसं पडणार नाही. ज्यांनी ती कविता छापली होती त्या प्रकाशकाने माफी मागितली होती, त्याला दिलासा मिळाला. कवीवरचा खटला मात्र चालू ठेवण्यात आला. म्हणजे अंतिम रेघ अजूनही स्पष्ट नाही. प्रत्येक प्रकरणात ती नव्याने आखली जाते.

पण खरी गंमत कोर्टाबाहेर आहे

कोर्टाचे निकाल वाचले तर वाटेल, कलाकार बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. पण बहुतेक चित्रं कोर्टापर्यंत पोहोचतच नाहीत. ती आधीच उतरतात. कशी, तर तीन प्रकारे.

पहिला प्रकार : जमाव

पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन हे यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेल्या सरस्वतीच्या रेखाचित्रावरून १९९६ मध्ये वाद पेटला. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. देशभरात वेगवेगळ्या गावी तक्रारी दाखल झाल्या. २००६ मध्ये वयाच्या नव्वदीत ते देश सोडून गेले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्यांच्यावरची कारवाई रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. हुसेन कोर्टात जिंकले, पण परत आले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

यात विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं की देवीदेवता हा श्रद्धेचा विषय आहे, तिथे कलाकाराने सांभाळून राहावं. हे म्हणण्याचा, त्यावर लिहिण्याचा, शांतपणे निदर्शनं करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. प्रश्न सुरू होतो तो दगड उचलला जातो तेव्हा.

आणि दगड उचलला गेला तर काय करायचं, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एस. रंगराजन खटल्यात उत्तर दिलं आहे. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दाबता येत नाही, तिचं संरक्षण करणं हे सरकारचं काम आहे. २०१९ मध्ये तर 'भविष्यतेर भूत' हा बंगाली सिनेमा थिएटरमधून गायब झाला तेव्हा कोर्टाने पश्चिम बंगाल सरकारला निर्मात्यांना आणि थिएटरमालकांना वीस लाखांची भरपाई द्यायला लावली.

म्हणजे नियमाने "गर्दी जमली आहे, तुम्ही चित्र उतरवा" असं म्हणायचं नसतं. "गर्दीला आम्ही बघतो, तुम्ही प्रदर्शन चालू ठेवा" असं म्हणायचं असतं. प्रत्यक्षात उलटं घडतं, कारण एक चित्र उतरवणं हे शंभर माणसांना आवरण्यापेक्षा सोपं असतं.

दुसरा प्रकार : पोलीस आणि गुन्हा

२०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. गुन्हा काय, तर व्यंगचित्रं. पुढे ते कलम त्यांच्यावरून काढलं गेलं आणि राजद्रोहाचं कलम कधी लावायचं याबद्दल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांसाठीच्या मार्गदर्शक सूचना नोंदवल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेत काम करणाऱ्या नटांवर बेतलेलं विद्यार्थ्यांचं नाटक सुरू होतं. पडद्यामागे सीतेचं काम करणारा नट सिगारेट ओढतो वगैरे प्रसंगांवर अभाविपच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला आणि प्रयोग बंद पाडला. नंतर विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यांना लगेच जामीन मिळाला. पण परीक्षेचा प्रयोग करायला गेलेली पोरं पोलीस ठाण्यात पोहोचली, हे व्हायचं ते झालंच.

खटल्यात पुढे काय व्हायचं ते होवो, प्रक्रियाच शिक्षा ठरते. तारखा, वकिलाची फी, घरच्यांचा घोर. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की बोलण्या-लिहिण्याशी संबंधित ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षं शिक्षा आहे, त्यांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचा पर्याय वापरा. आणि परिणाम मोजताना खंबीर मनाच्या, समंजस माणसाचं माप लावा, प्रत्येक टीकेत धोका बघणाऱ्याचं नको.

तिसरा प्रकार : जागा ज्याची, त्याची मर्जी

हा सगळ्यात कमी चर्चेतला आणि सगळ्यात परिणामकारक प्रकार. यात ना पोलीस लागतात ना जमाव. फक्त हॉलची किल्ली लागते.

८ फेब्रुवारी २०१९. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे एनजीएमएमध्ये, दिवंगत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पाहुणे होते अमोल पालेकर. लोक त्यांना नट म्हणून ओळखतात, पण त्यांचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं, म्हणजे मूळचे चित्रकारच. भाषणात त्यांनी एक मुद्दा काढला. स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती आता राहिलेली नाही आणि इथे कोणाची प्रदर्शनं लागणार हे दिल्लीतून ठरणार, याबद्दल त्यांनी काळजी व्यक्त केली. त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. बरव्यांवरच बोला, असं सांगण्यात आलं. त्यांनी विचारलं की मी काय बोलायचं यावर तुम्ही सेन्सॉरशिप लावताय का? व्हिडिओ व्हायरल झाला. संस्थेची बाजू अशी की कार्यक्रम बरव्यांचा होता, भाषण त्यावरच हवं होतं.

पालेकरांच्या मुद्द्यात दम होता की नव्हता यावर मतं वेगळी असू शकतात. त्यांनी ज्याबद्दल काळजी केली त्यातलं सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन त्याच वर्षाअखेरीस तिथेच लागलंही. पण प्रश्न उरतोच. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कलासंस्थेत काय दाखवायचं हे कोण ठरवणार, आणि त्याबद्दल त्याच छताखाली बोलता येणार की नाही?

पुण्यातही जानेवारी २०२२ मध्ये बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात लागलेलं न्यूड फोटोग्राफीचं प्रदर्शन मुदतीआधीच बंद झालं. आणि २०१७ मध्ये रवी जाधवांचा 'न्यूड' हा मराठी सिनेमा ज्युरीने निवडूनही गोव्याच्या इफ्फीतून वगळला गेला. जे. जे. मध्ये विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ती गोष्ट. पुढे सेन्सॉर बोर्डाने त्याच सिनेमाला एकही कट न देता 'ए' सर्टिफिकेट दिलं आणि एप्रिल २०१८ मध्ये तो थिएटरला लागला. म्हणजे कायद्याची अडचण नव्हतीच, अडचण जागा देणाऱ्याची होती.

आणि मोबाईलवर टाकलेल्या चित्राचं काय?

कुरवंड्यात आर्ट गॅलरी नाही, पण मोबाईल आहे. आणि आज सगळ्यात मोठी गॅलरी तीच आहे.

ऑनलाइन अश्लीलतेसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे आणि ते छापील चित्रापेक्षा कडक आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे एकच चित्र भिंतीवर लावलं तर पाच हजार आणि स्टोरीला लावलं तर पाच लाख. अर्थात कला, साहित्य, शास्त्र यांच्या हितासाठी किंवा वारसा, धार्मिक कारणासाठी असलेल्या चित्रांना इथेही अपवाद आहे.

कलम ६६अ मात्र आता नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून, एकीला लिहिली म्हणून आणि दुसरीला लाईक केली म्हणून, अटक झाली होती. त्या घटनेनंतर झालेल्या याचिकेवरच मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. यापुढे कोणी "६६अ लावीन" अशी धमकी दिली, तर हे लक्षात ठेवा.

चित्र खटकलं तर आपण काय करायचं?

खटकू शकतं. खटकण्यावर बंदी नाही. बघू नका, इतरांना बघू नका असं सांगा, विरोधात पोस्ट लिहा, परवानगी घेऊन निदर्शनं करा. कायदा मोडलाय असं वाटत असेल तर तक्रार करा, कोर्टात जा. या सगळ्या वाटा उघड्या आहेत आणि त्या वापरणं हेही अभिव्यक्तीचंच स्वातंत्र्य आहे.

एवढंच, की फॉरवर्ड करायच्या आधी ते चित्र पूर्ण बघा. कुठल्या प्रदर्शनातलं आहे, कधीचं आहे, शेजारी काय लिहिलं होतं. हुसेन यांचं जुनं रेखाचित्र कित्येक वर्षं कोणाला खटकलं नव्हतं, ते वेगळ्या मथळ्याखाली छापून आलं तेव्हा खटकलं. आज तेच काम एका स्क्रीनशॉटने होतं.

आणि चित्रकार तुम्ही असाल, तर प्रदर्शनाआधी जागेचा करार लेखी घ्या. चित्र काढायला सांगितलं, तर कोणी सांगितलं, कुठल्या कायद्याखाली, हे लेखी मागा. तोंडी सांगणं सोपं असतं. कागदावर लिहायची वेळ आली की बऱ्याचदा कारण सापडत नाही.

बाकी पुढच्या वेळी कुरवंड्याहून परतताना कार्ल्याला थांबलात, तर त्या जोडप्यांसमोर दोन मिनिटं जास्त उभे राहा. त्यांच्याच रांगेत नंतरच्या शतकांत बुद्धाच्या मूर्ती कोरल्या गेल्या आणि समोर आई एकवीरेचं देऊळ उभं राहिलं. त्यासाठी त्या जोडप्यांना कोणी छिन्नीने खरवडून काढलं नाही. जागा दोघांनाही पुरली.